दोन डोळ्यांचे सांडगे

माझी सून केतकी दुकानात शिरताना चपला काढायची. देवळात नाही, दुकानात. देवळाला ती गाडीतूनच हात जोडायची, गाडी लावायला जागा नाही म्हणून. पण बाणेरच्या त्या दुकानाच्या दारात गवताचं पायपुसणं होतं, त्याच्या कडेला ती चपला जोडीनं काढून ठेवायची, ओढणी सारखी करायची आणि मगच आत पाऊल टाकायची. आत काय, तर तांदूळ, डाळ, गूळ.

"आई, तुम्ही पण काढा ना," ती म्हणाली.

"का? आत कोण बसलंय?"

"तसं नाही हो. इथे सगळेच काढतात. अन्नाला मान म्हणून."

"अन्नाला मान म्हणून आम्ही ते पाखडायचो," मी म्हटलं आणि चपला घालून आत गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझे गुडघे चालत होते आणि जीभ तर चालतच होती. मुलगा दिगंबर सदा दौऱ्यावर, घरात आम्ही दोघी. गावाकडून पोत्यानं गहू यायचा तो केतकीनं बंद केला, त्यात किडे निघतात म्हणून. आणि या दुकानातून तेच गहू कागदी पिशवीत आणायला लागली. त्यातही किडे निघाले, तेव्हा म्हणाली, "बघा आई, औषध मारलेलं नाही याची खूण आहे ही." आमच्या गव्हातला किडा गावंढळ आणि तिथला शिकलेला. म्हटलं, एकदा हे दुकान बघून तरी येऊ.

आत गेले आणि पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की दुकानाला वास नव्हता. किराणा म्हटला की हळद, मिरची, गोणपाट, खोबरेल असा एक मिळून वास असतो, डोळे बांधून नेलं तरी कळावं. इथं काचेच्या बरण्यांतून डाळी, वेताच्या टोपल्यांतून एका मापाचे कांदे, आणि वास कशाचाच नाही. गुळाची ढेप उघडी ठेवलेली. तिच्यावर माशी नाही, मुंगळा नाही. उघडा गूळ आणि मुंगळा नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माणसं होती, पण मयताच्या घरी बोलतात तशी हळू बोलत होती.

"इथं मुंगळे येत नाहीत का?" मी केतकीला विचारलं.

"स्वच्छ ठेवतात ना."

"मुंगळ्याला स्वच्छतेचं काय? त्याला गूळ कळतो."

"हळू बोला, आई. आणि नुसता माल नका बघू. प्रत्येक वस्तू कुणी पिकवली, कुणी केली, ते इथे लिहिलेलं असतं. आपण ज्याचं खातो तो माणूस दिसतो, त्यासाठी जास्त द्यायचं." तिनं मागच्या भिंतीकडे हात केला. "ते बघा."

भिंतीवर ओळीनं फोटो होते. शेतकरी, शेतकरणी. लाकडी चौकट, वर एकेक छोटा दिवा. आमच्याकडे अशी चौकट करतात तेव्हा तिला हार घालतात. मी बघत बघत पुढं गेले आणि एका चौकटीशी पाय थांबले.

अक्का होती. माझी थोरली बहीण, अनुसया. कपाळावर गोंदण, डोक्यावरून घेतलेला पदर, आणि फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखी नजर.

अक्का जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. शेवटची आंघोळ तिला मी माझ्या हातानं घातली होती.

पांढऱ्या अंगरख्यातली एक पोरगी जवळ आली. "या अनुसयाआजी," ती हसून म्हणाली. "यांचे सांडगे आमच्याकडे फार जातात."

"कुठं असते ही?"

"गावी. चिंचसोंडला, बार्शीच्या पुढे. तिथूनच पाठवतात."

"कोण पाठवतं?"

"आजीच. मागच्याच आठवड्यात आलाय माल."

"तू बोललीस तिच्याशी?"

"मी नाही. पण आमची माणसं जाऊन आली होती. आजी म्हणे फार बोलत नाहीत. पाठ करून काम करत असतात."

ते खरं होतं. वाळवणाला बसली की अक्का कुणाशी बोलत नसे. हे त्या पोरीला कुणी सांगायचं कारण नव्हतं.

तिनं पाकीट माझ्या हातात दिलं. मी तिसरीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचते. मागं लिहिलं होतं, अनुसयाआजी रोज पहाटे उठतात, ऊन वर यायच्या आत त्यांचं पीठ तयार असतं. आणि खाली एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली. थकवा त्यांना ठाऊक नाही.

"आई, तुमच्या कपाळाला घाम आलाय," केतकी म्हणाली.

"हे घे," मी म्हटलं. "आणि चल इथून."

घरी आल्यावर पाकीट फोडून मी सांडगे ताटात ओतले. आमच्या बाजूला सांडगा तोडला की तीन बोटांनी वरून हलकं दाबतात, म्हणजे आतपर्यंत वाळतो. त्याच्यावर तीन खळगे उमटतात. अक्काच्या उजव्या हाताचं मधलं बोट कडबा तोडायच्या यंत्रात गेलं होतं, नव्या नवरीची होती तेव्हा. त्यामुळं तिच्या सांडग्याला खळगे दोनच, मधे उंचवटा. दोन डोळे आणि नाक. आमची पोरं त्याला डोळ्यांचे सांडगे म्हणायची आणि आधी डोळे कुरतडून खायची.

ताटातले सगळे सांडगे माझ्याकडे बघत होते.

मी ते तेलावर परतले, लसूण-खोबऱ्याचं वाटण लावलं, पाणी घातलं. एक घास तोंडात घातला आणि गॅस बंद केला. अक्का डाळीच्या भरड्यात भाजलेलं कारळं घालायची. गावात दुसरं कुणी घालत नसे, आणि ती कुणाला सांगतही नसे.

"कसे झालेत?" केतकीनं विचारलं.

"तिचेच आहेत."

मग मी तिला सांगितलं. अक्काच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. बाभळीवर येऊन बसला, खाली बघत राहिला, पण उतरेना. आम्ही एकेकानं पुढं होऊन शब्द दिला. लेक म्हणाला, "आई, वावर विकणार नाही." भाऊ म्हणाला, "देवीचा नवस मी फेडतो." मी म्हटलं, "अक्के, तुझ्या नातीच्या लग्नात मी उभी राहीन." ऊन डोक्यावर आलं. कावळा मान वाकडी करून ऐकत होता आणि जागचा हलत नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे खाली मान घालून घरी आलो. तिचं काय राहिलं होतं, ते कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून कुणाच्याही दहाव्याला मी जात नाही.

केतकी ऐकत होती. हसली नाही, ते तिच्या नशिबानं बरं झालं.

"आई, कुणीतरी त्यांचं नाव आणि फोटो वापरून फसवत असेल. तसं असेल तर मी त्या दुकानाला सोडणार नाही."

"फसवणूक असती तर मी आनंदानं जेवले असते," मी म्हटलं. "नाव चोरता येतं, फोटो चोरता येतो. बोट कसं चोरतील?"

"मग तुम्हाला काय वाटतंय?"

काय वाटत होतं ते बोलायची लाज वाटली, पण बोलले. "जिवंत होती तोवर अक्का एक दिवस बसली नाही. ताप असला तरी जात्याशी. मला वाटलं होतं, मेली, सुटली. आणि हे लिहितात, थकवा ठाऊक नाही. मेल्यावरही राबतेय की काय ती?"

दुसऱ्या दिवशी केतकीनं गाडी काढली. माझ्यासाठी काढली की दुकानासाठी, ते मी विचारलं नाही. वाटेत ती एकदाच म्हणाली, "खरं निघालं तर तिथून आणणं बंद नाही ना करायचं?" मी म्हटलं, "आधी बघू दे, काय खरं निघतंय."

चैत्राचं ऊन होतं. चिंचसोंडला पोचलो तेव्हा भर दुपार झाली होती. रस्त्यावर माणूस नाही. वाळवणाचे दिवस, त्यामुळं प्रत्येक घराच्या वर काही ना काही पसरलेलं, कुरडया, पापड, सांडगे. आणि प्रत्येक घरावर कावळे. कुठं उलटी छत्री ठेवलेली, कुठं काळं फडकं बांधलेलं, कुठं म्हातारी काठी आपटत बसलेली. सगळं गाव काव काव करत होतं.

अक्काच्या घरावर एकही कावळा नव्हता. छत्री नाही, फडकं नाही, काठी नाही. दहाव्यानंतर मी इथं आले नव्हते; मातीचं माळवद पाडून स्लॅब टाकला होता, एवढाच बदल. दार लोटलेलं. मी हाक मारली, उत्तर नाही. वरून मात्र एक आवाज येत होता, ओलं पीठ कापडावर पडतं तसा. टप. टप. अंतर सारखं. अक्काचा हात असाच चालायचा, घड्याळासारखा.

"मी पुढे होते, आई," केतकी म्हणाली.

"तू माझ्या मागं राहा."

जिना चढून मी वर डोकं काढलं. जुन्या धोतराची पानं फाडून पसरलेली, त्या कापडावर ओळीनं सांडगे. पलीकडं आमच्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. अंगावर अक्काचं डाळिंबी लुगडं. एक गुडघा वर, एक पाय दुमडलेला, मान डावीकडं कललेली. अक्का अशीच बसायची. उजवा हात परातीत जायचा, पीठ उचलायचा, कापडावर ठेवायचा, दाबायचा. हात वर आला तेव्हा मी बोटं मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती. मधली जागा रिकामी होती.

केतकीनं मागून माझा दंड धरला.

"अक्के," मी म्हटलं.

हात थांबला. बाई सावकाश वळली.

रतन होती. अक्काची सून.

"मावशी, तुमी? कळवलं न्हाई काही." ती उठायला लागली. "उन्हाचं कशाला आलाव? खाली चला, पाणी देते."

"बस तिथंच," मी म्हटलं. "हात दाखव."

तिनं हात पुढं केला. पीठ लागलेला. मधलं बोट तळव्यात मुडपलेलं होतं.

"सरळ कर ते."

"होत न्हाई आता." तिनं डाव्या हातानं ते बोट धरून बाहेर ओढलं. अख्खं होतं, नखासकट. सोडल्यावर पुन्हा आपोआप आत जाऊन बसलं. मला ते बघवेना.

"काय झालं बोटाला?"

"काही झालं न्हाई." रतन अवघडली. "मला आई नव्हती, मावशी, तुमाला ठाऊक. माहेरी कवा सांडगे बघितले न्हाईत. हितं आले तर अत्याबाई जवळ बसू देत नव्हत्या. तुझा हात लावू नको, वाळवण नासंल, म्हणायच्या. मग मी जिन्यात उभं राहून बघायची. हितनंच, तुमी आता उभ्या हाव तिथनं. त्यांचा हात दिसायचा तसा मी खाली चुलीपाशी कणकेवर करून बघायची. बोट आत घ्यायचं, दोन बोटांनी दाबायचं. मला वाटायचं, सांडगा असाच असतो."

"तुला दिसत नव्हतं, तिचं बोट तुटलेलं आहे ते?"

"दिसत होतं की. पर मला वाटायचं, बोट गेलं म्हणूनच त्यांना जमतंय. ज्याचं गेलं न्हाई त्यानं मुडपायचं."

केतकीच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"आणि कारळं? ते कुणी सांगितलं?"

"वासानं काढलं."

"तिला कधी कळलं? तुला येतंय म्हणून?"

रतननं परातीवर ओलं फडकं टाकलं. "शेवटच्या सालाला. अंथरुणाला होत्या. मी करून त्यांच्या म्होरं ताट धरलं. लय येळ बघत राहिल्या. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. काहीतरी बोलायला गेल्या, पर तवा वाचा गेली होती. ओठ नुसते हलले. मला वाटलं, शिव्या देतेत."

खाली गावात कावळे ओरडत होते. आमच्यावर आभाळ मोकळं होतं.

"फोटो तिचा का दिलास?" मी विचारलं. "दुकानात तिला टांगलंय. रोज पहाटे उठते, दमत नाही, असं लिहिलंय खाली."

"दुकानाची माणसं आली, म्हणाली फोटो पाहिजे. माझा काढत होते. मी म्हटलं, हात त्यांचा हाय, मग तोंड माझं कशाला? त्यांचाच फोटो भिंतीवरनं उतरवून दिला. त्यांनी पण विचारलं न्हाई, म्हातारी कुठं हाय. मागनं दुसरी माणसं वर आली, मला पाठमोरी बघितलं, अत्याबाईच समजली आन गेली." मग घाईनं म्हणाली, "पर माणसं वाईट न्हाईत, मावशी. येळेवर देतेत. हा स्लॅब त्याच्यावरच टाकला."

"आणि कावळे?"

रतननं पदर अंगभर ओढून घेतला.

"येत न्हाईत," ती म्हणाली. "त्या गेल्यापासनं या घरावर एकबी उतरला न्हाई. बाया म्हणतेत, बरं हाय तुला, राखणीला बसावं लागत न्हाई. मला मात्र वर आलं की जिन्यात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. मी जशी उभी राहायची तसं. म्हणून मी पाठ करून बसते."

मी जिन्याच्या तोंडाशीच उभी होते. मागं फक्त केतकी होती, हे मला ठाऊक होतं. तरी मान वळवायचं धाडस झालं नाही.

दहाव्याचा दिवस डोळ्यापुढं आला. लेक पुढं आला, भाऊ आला, मी आले. वावराचं बोललो, देवीचं बोललो, नातीचं बोललो. रतन बाभळीच्याही पलीकडं, तोंडाला पदर लावून उभी होती. तिला पुढं कुणी बोलावलं नाही. तिच्याविषयी शब्द द्यायचा असतो, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मी चपला जिन्यात काढल्या आणि तापलेल्या स्लॅबवर अनवाणी गेले. कापडावरचा वाळलेला एक सांडगा उचलून कठड्यावर ठेवला. तळपाय भाजत होते.

"अक्के," मी मोठ्यानं म्हटलं, "तू कुणाचं चांगलं म्हणायची नाहीस, मरेपर्यंत म्हणाली नाहीस. ते आता मी म्हणते. रतनचा हात तुझ्या हातावर गेलाय. तुझं वाळवण तिच्या हाती आहे आणि ती ते नासवत नाही. ऐकलंस ना? मग आता जिन्यात उभी राहू नको. जा, बस जरा."

काही झालं नाही. रतन माझ्याकडे बघत होती, जणू मलाच ऊन लागलंय.

मग शेजारच्या घरावरनं एक कावळा उडाला. सरळ आला आणि कठड्यावर बसला. मान वाकडी केली. रतनचा हात सवयीनं हाकलायला वर गेला. मी तो धरला. पिठानं माखलेला हात, आणि त्यातलं मुडपलेलं बोट माझ्या मुठीत आलं.

कावळ्यानं सांडगा उचलला आणि गेला.

रतन खाली बसली. पदर डोळ्यांना लावून बराच वेळ बसली. बोट तसंच आत होतं, ते काही सरळ झालं नाही.

"तो फोटो उतरवायला सांग त्यांना," थोड्या वेळानं मी म्हटलं. "दमलीय ती. तुझा लाव."

"माझं तोंड कोण बघतंय, मावशी?"

"मी बघीन. एवढ्यासाठी तिथं जाईन."

तेवढ्यात आणखी दोन कावळे उतरले, मग चार. रतन उठली, पदर खोचला आणि काठी शोधायला लागली. काठी कुठं होती? या घराला इतकी वर्षं काठी लागलीच नव्हती. शेवटी तिनं परातीवरचं फडकं उचललं आणि तेच फिरवत राहिली. रडत होती की हसत होती, ते तिचं तिला ठाऊक.

आता केतकीचा जीव भांड्यात पडला असावा. ती माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "म्हणजे दुकान खोटं नव्हतं, आई. माल खरा आहे, पैसेही यांना मिळतात. मग घ्यायचं ना तिथून?"

मी खाली बघितलं. तिच्या पायात प्रवासाला घातलेले पांढरे जाड बूट होते. जिना चढून ती तशीच वाळवणात आली होती आणि एक बूट धोतराच्या पानावर, सांडग्यांच्या ओळीला लागून टेकला होता.

"घे खुशाल," मी म्हटलं. "माल खरा आहे, दिलेला पैसा वाया जात नाही, हे मी माझ्या तोंडानं कबूल करते. पण त्या दुकानात चपला काढून जातेस आणि इथं, जिथं हे हातानं होतं, तिथं बूट घालून उभी आहेस. यापुढं उलट करायचं, केतकी. आता आधी तो पाय उचल."